घाटातली फ्लेक्सप्लेट

“एकट्यानं का नाही होणार, उस्ताद?”

बाबालाल उस्ताद मिरजेच्या आपल्या गॅरेजात दात कोरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

धैर्यशीलला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं, आणि उस्तादांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय त्यांचा कुठलाच चेला स्वतःचं शटर उघडत नसे. ‘इनामदारांची गाडी जोडून दे, मग जा,’ एवढंच ते म्हणाले होते.

गाडी जुनी, परदेशी, बिनक्लचची. इंजिनाच्या मागं एक पातळ चकती, फ्लेक्सप्लेट. तिला बोल्टांनी जखडायचा तेलानं भरलेला लोखंडी भोपळा, टॉर्क कन्व्हर्टर. जुनी प्लेट तडकली होती.

“नवी कुठनं आणलीस?”

“नवी कुठली मिळायला? आंबा घाटात दरीत कोसळलेल्या तसल्याच गाडीची आहे. भोकाला भोक जुळतंय.”

“तिचा ड्रायव्हर?”

“सापडला नाही म्हणे. मला प्लेटशी मतलब.”

उस्तादांनी दातातली काडी फेकली.

“हे काम दोघांचं, लेका. एकानं खाली पडून बोल्ट आवळायचा, दुसऱ्यानं पुढनं पान्यानं इंजिनाची पुली फिरवून पुढचं भोक समोर आणायचं.”

“दोघं लागतात शिकाऊंना.”

उस्तादांनी चप्पल पायात सरकवली आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेले.

पहिला बोल्ट धैर्यशीलनं एकट्यानं लावला. बाहेर ये, पाना ओढ, खाली सरक, बघ. भोक पुढं गेलेलं. परत बाहेर. पाठ सोलून निघाली.

दुसऱ्या बोल्टाला, पडल्या पडल्या, सवयीनं तोंडातनं गेलं, “फिरव.”

इंजिन फिरलं. भोक बरोबर समोर येऊन थांबलं.

विरघळला म्हातारा, धैर्यशील गालात हसला. बोल्ट आवळला.

“फिरव.”

फिरलं.

“केसभर मागं.”

केसभरच मागं आलं.

असा हात त्यानं आजवर पाहिला नव्हता. शेवटच्या बोल्टाला तर त्यानं तोंडही उघडलं नाही, तरी भोक आलं.

तो बाहेर सरकला. गाडीपुढं कुणी नव्हतं. बॅटरी काढून कोपऱ्यात ठेवलेली, म्हणजे स्टार्टरनंही फिरलेलं नव्हतं. पाना पुलीला तसाच लागलेला, आणि त्याच्या दांड्यावर ओला, तांबडा, घाटातला चिखल.

रस्त्यापलीकडं उस्ताद बशीत चहा ओतत होते.

चहा संपवून ते सावकाश आत आले.

“झालं?”

“झालं.”

“एकट्यानं?”

धैर्यशीलनं चिखलाकडं पाहिलं. नव्या शटरवर कुठला रंग द्यायचा, हेही त्याचं ठरलं होतं.

“...एकट्यानं.”

मागं पुली करकरली. पाना हळूहळू वर चढला, माथ्यावर टेकला, पलीकडं उतरू लागला.

धैर्यशीलनं मागं पाहिलं नाही. उस्तादांनी पाहिलं, आणि ओळखीचं कुणी दिसावं तशी मान हलवली.

“जा मग, काढ गॅरेज,” ते म्हणाले. “आणि ह्याला बरोबर ने. माझा असाच एक आहे माझ्याकडं.”