उजवीकडे आकाश आहे

"'ही पाटी चालू गाडीतून वाचू नये'... याचा अर्थ काय?"

वैजयंती पोतनीसांनी हे विचारलं तेव्हा इमामशा बाबा घाटातल्या आपल्या झोपडीपुढे चुलीत काटक्या सारत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाचलीत ना?"

"वाचली."

"गाडी चालू होती?"

गाडी थांबवली होती. ड्रायव्हरनं आपण होऊन थांबवली होती, आणि वर तोंडावर हात ठेवून हसला होता.

पोतनीसबाई उपअभियंता. तिवरखिंडीचा अख्खा घाट त्यांच्या ताब्यात. घाटातल्या पाट्यांची उंची, अक्षरांची जाडी, रात्री चमकणारा रंग, सगळं त्यांना तोंडपाठ. खात्यात कुणाला पाटीबद्दल शंका आली की त्यांनाच फोन जायचा, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

गेल्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या साहेबांकडे फोटो पाठवले. तिवरखिंडीत म्हणे दसऱ्यानंतर भलत्याच पाट्या लागल्यात. साहेब काल फोनवर एवढंच म्हणाले, "पोतनीस, हा काय तमाशा आहे? उद्याच्या उद्या काढा."

म्हणून आज मार्गशीर्षातल्या थंडीत, सकाळी नऊला त्या दोन मजूर घेऊन घाटात आल्या होत्या.

पाट्या होत्या सहा. जुन्या दाराच्या फळ्या, फळांच्या खोक्यांची लाकडं. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं आणि कोपऱ्यात ट्रकच्या मागे असतात तशी गुलाबाची फुलं. बाबांनी कराडला तीस वर्षं ट्रक रंगवले होते. हात म्हातारा झाला होता, पण अक्षर अजून ठसठशीत होतं.

'पुढे दोन म्हशी विचार करत आहेत. त्यांचे होईपर्यंत थांबावे.'

'हा उतार आहे. चढ वाटत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.'

'मागे राहिलेली पाटी वाचण्यासाठी मागे जाऊ नये.'

'घाई असणाऱ्यांसाठी हा रस्ता दुपारी उघडेल.'

आणि सगळ्यांत खालची, बाबांच्या झोपडीसमोर, ऐन वळणाच्या तोंडाशी: 'वळण डावीकडे आहे. उजवीकडे आकाश आहे.'

"सरकारी रस्त्यावर पाटी लावायचा अधिकार कुणाला असतो, माहीत आहे बाबा?"

"मला नसतो, एवढं माहीत आहे."

"मग?"

"मग काढा की."

बाई भांडायच्या तयारीनं आल्या होत्या. त्यांनी मजुरांना खूण केली.

वळणावरची पाटी उपटायला दोन मिनिटं लागली नाहीत. मजुरांनी ती रस्त्याच्या कडेला आडवी टाकली. मग तिच्या शेजारची खात्याची जुनी पाटीही काढली, कारण तिच्या जागी मोठी, नवी पाटी आजच बसायची होती. नवे खांब उभे करायला घेतले तर सिमेंट कमी पडलं. ड्रायव्हर दोघा मजुरांना घेऊन जीपनं खालच्या गावाला गेला. तासाभरात येतो म्हणाला.

बाई झोपडीपाशी थांबल्या. बाबांनी चहाचा पेला पुढे केला.

तो हातात धरून त्या वळणाकडे बघत राहिल्या. तिथल्या कठड्याचे चार दगड अजून गायब होते.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही इथंच होतात," त्या म्हणाल्या.

"होतो."

"दोर घेऊन खाली तुम्हीच उतरलात."

बाबांनी आणखी एक काटकी चुलीत सारली.

दरीत गेला तो झेंडूचा टेम्पो होता. दोघे भाऊ, बाजार गाठायला निघालेले. दुसऱ्या दिवशी बाई पाहणीला आल्या तेव्हा दरीचा अख्खा उतार पिवळा झाला होता. तेव्हापासून त्यांना धड झोप लागली नव्हती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. दसऱ्याला दाराला तोरणही बांधलं नव्हतं, सासूबाईंनी कारण विचारलं तर विसरले म्हणाल्या होत्या.

"माझी पाटी होती तिथं, बाबा. उंची बरोबर. अंतर बरोबर. रंगसुद्धा नवा होता. चौकशीत कुठं बोट ठेवायला जागा निघाली नाही. टेम्पो गेला, पण पाटीला ओरखडासुद्धा नाही. तशीच उभी. मग ते का गेले?"

चुलीत काटकी तडतडली.

"काय लिहिलं होतं तिच्यावर?" बाबांनी विचारलं.

"तीव्र वळण. वेग कमी करा."

"आणि खाली?"

"खाली..."

खाली तिसरी ओळ होती. मजकूर बाईंनीच मंजूर केला होता, सही त्यांचीच होती. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. मग उघडले.

"आठवत नाही."

"मलाही नाही," बाबा म्हणाले. "नऊ वर्षं रोज समोर बघतोय. दिसेनाशीच झाली."

बाईंनी पेला खाली ठेवला. काढलेली पाटी दहा पावलांवर पडली होती. उठून वाचता आली असती. त्या उठल्या नाहीत.

तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं.

या घाटात मार्गशीर्षात असं होतं. ऊन पडलेलं असतं, आणि बघता बघता कुणी दुधाचं पातेलं उतू घालवावं तसा पांढरा लोट कठड्यावरून रस्त्यावर येतो. आधी वळण गेलं. मग समोरचं आंब्याचं झाड गेलं. मग बाईंना स्वतःच्या चपलाही नीट दिसेनात.

आणि वरच्या बाजूनं हॉर्न वाजला.

लांबलचक, मोठ्या गाडीचा. बस होती. आत बायका गाणी म्हणत होत्या, लग्नाची. आवाज वळणावळणानं खाली येत होता.

बाई उभ्या राहिल्या. वळणावर त्यांची पाटी नव्हती, बाबांची नव्हती, कठड्याला दगड नव्हते. लाल झेंडा जीपमध्ये होता, आणि जीप खालच्या गावात.

"बाबा..."

बाबा चुलीपाशीच होते. पण त्यांनी पातेल्यावरची पळी उचलून जर्मनच्या डब्यावर बडवायला सुरुवात केली होती. गाण्याच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार?

बाई धावल्या. रस्त्याच्या कडेला पायाला जे लाकूड लागलं ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. दाराची फळी, चांगलीच जड. ती छातीशी धरून त्या वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. फळीच्या वर त्यांचे फक्त डोळे होते. मागे सरकायला वीस पावलं होती, त्याच्यापुढे काही नव्हतं.

धुक्यात दोन पिवळे डाग उमटले. मोठे झाले.

बाईंनी डोळे मिटले.

ब्रेक करकचले. गाणं मध्येच तुटलं. गरम वाफ त्यांच्या तोंडावर आली, आणि मग नुसता इंजिनाचा घरघर आवाज.

डोळे उघडले तेव्हा बसचं नाक हाताच्या अंतरावर होतं. काचेवर झेंडूच्या माळा लोंबत होत्या.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर. बाईंना वळसा घालून वीस पावलं पुढे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. परत आला तेव्हा मफलरनं तोंड पुसत होता. बसच्या पायरीवर टेकला.

"किती माणसं आहेत आत?" बाईंनी विचारलं. फळी अजून छातीशीच होती.

"बावन्न. आणि नवरदेव." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही मला दिसलाच नाहीत, मॅडम. खरं सांगतो. पिवळं काहीतरी दिसलं, वर लाल अक्षरं. वाचायला गेलो तर वाचता येईना. म्हणून पाय ब्रेकवर गेला."

"का वाचता येईना?"

नवरदेवाचे काका फेटा सावरत मागोमाग उतरले होते. त्यांनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, शेवटी गुडघ्यावर हात ठेवून जवळजवळ ओणवे झाले.

"बाई," ते म्हणाले, "पाटी उलटी धरलीय तुम्ही."

खिडकीतून एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "काय लिवलंय रं?"

"वळण डावीकडे आहे," काकांनी ओणव्यानंच वाचलं. "उजवीकडे... आकाश आहे."

म्हातारी खुदकन हसली. तिनं मागच्या सीटवर सांगितलं, मागच्या सीटनं त्याच्या मागच्या. हसू बसच्या शेवटापर्यंत जाऊन परत आलं. आपण कशातून वाचलो ते कळलेली माणसं जशी हसतात तसं, जरा जास्तच मोठ्यानं, एकमेकांचे हात धरून.

पोतनीसबाईंनाही हसू फुटलं. फळी खाली ठेवून त्या रस्त्यावरच बसल्या आणि हसत राहिल्या. हसता हसता केव्हा रडायला लागल्या ते त्यांनाच कळलं नाही. ड्रायव्हर दुसरीकडे बघत राहिला. म्हातारीनं खिडकीतून हात लांब करून बुंदीचा लाडू पुढे केला.

"खा गं बाई. लेकराच्या लग्नाचा हाय."

बाईंनी खाल्ला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कशाची तरी चव लागली.

"मुहूर्त साडेबाराचा आहे," काका घड्याळ बघत म्हणाले.

"पोचवतो," ड्रायव्हर म्हणाला. "सावकाश पोचवतो."

बाई उठल्या. पाटी घेऊन त्या बसच्या पुढे चालायला लागल्या, डाव्या हाताला डोंगर धरून. त्यांच्यामागं बस पावलापावलानं उतरली. वळण मागे पडलं, रस्ता सरळ झाला. काकांनी खिडकीतून हात जोडले. थोड्या वेळानं खालून, धुक्यातून, गाणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं.

त्या परत आल्या तेव्हा धुकं विरळ झालं होतं. आंब्याचं झाड जागेवर होतं. बाबांनी डबा बडवणं थांबवून चहा पुन्हा उकळत ठेवला होता.

जीप आली. मजुरांनी सिमेंट उतरवलं. खात्याची नवी पाटी खांबावर चढली, कठड्याच्या भगदाडाला दगड लागले. एका मजुरानं दाराची फळी उचलली.

"मॅडम, ही जीपमध्ये टाकू?"

"नको. नव्या पाटीच्या अलीकडे आणखी एक खड्डा खणा."

तो बघत राहिला. बाईंचा फोन वाजला. साहेबांचा होता.

"काढल्या का त्या पाट्या?"

"काम चालू आहे सर," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी येऊन सविस्तर सांगते. लेखीही देते." आणि त्यांनी फोन ठेवला. साहेब चिडणार, हे त्यांना दिसत होतं. पण सकाळपासून छातीवर असलेलं ओझं, सकाळपासून कसलं, दसऱ्यापासूनचं, आता तिथं नव्हतं.

खड्डा तयार झाला. बाईंनी फळी त्यात उभी धरली. मग थांबल्या, फिरवली, पुन्हा फिरवली.

फळी तशीच धरून त्या झोपडीकडे वळल्या.

"बाबा, एक विचारू?"

"विचारा."

"पाटी सरळ लावू... की उलटी?"

बाबांनी चहा गाळला. दोन पेले भरले. एक त्यांच्यासाठी कडेला ठेवला.

"कशीही लावा, बाई," ते म्हणाले. "पण परवा येऊन बदला."