सुगरणीच्या नावाची घरटी

रानातले तंटे म्हातारं कासव सोडवी, तेव्हाची गोष्ट. सुगरणीनं साळुंकीला आपल्या नावानं इतर पाखरांना घरटी विणून द्यायची मुभा दिली होती. अट एकच, पातं हिरवं हवं. साळुंकी मात्र वाळकं गवत वापरू लागली, तशी सुगरण कासवाकडे आली.

कासवाला नवल वाटलं. "अजून एकही घरटं पडलं नाही. मग भरपाई कसली मागतेस?"

"भरपाई नकोच, आजोबा. पडलेलं पिल्लू कोण भरून देणार? आधी तिला थांबवा."

कासवानं खालच्या फांदीवरचं, साळुंकीनं विणलेलं घरटं तोंडात धरून ओढलं. गवत कडकन तुटलं.

"निकाल सावकाश लागेल," ते म्हणालं, "पण तोवर सुगरणीच्या नावानं विणणं बंद! आणि पिल्लं आजच हलवा."

दुसऱ्या दिवशी सोसाट्याचा वारा सुटला. घरटी पटापट खाली आली. सगळी रिकामी होती.