रस्त्याची भावी पातळी

अनसूयाबाई कासारांची जागा दीड गुंठ्याची आणि मुलगे तीन. एकावर एक तीन छोटी घरं झाली, तरच तिघंही गावात राहणार होते. नगररचना खात्याच्या गुंजाळसाहेबांनी नकाशा पाहून मान हलवली.

"बाई, रस्त्यापासून तीस फुटांपेक्षा उंच जाता येत नाही. तुमचं दीड फूट जास्त आहे. वरचा मजला काढा."

"म्हणजे धाकट्याला काढू?"

"मग जोतं उतरवा! तीन फुटांचं जोतं? किल्ला बांधताय का?"

"साहेब, जुन्या घरात आम्ही तीन पायऱ्या चढून जायचो. नगरपालिका दर दोन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर ओतते. आता दोन पायऱ्या उतरून जातो आणि पावसाचं पाणीही आमच्यामागोमाग येतं. जोतं उतरवते मी. फक्त रस्ता यापुढे बोटभरही वर येणार नाही, एवढं लिहून द्या."

साहेबांनी ऐटीत पेन उघडलं. खिडकीबाहेर रोलर धडधडत होता. साहेबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग नकाशा जवळ ओढून शेरा मारला, "उंची रस्त्याच्या भावी पातळीपासून मोजली. मंजूर."