पोटाला बांधलेला दोर

कातळवण्यात एकही विहीर नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षं झाली. पाण्यासाठी बाया दोन डोंगर उतरत. त्या गावात आवडाई नावाची म्हातारी काथ्याचे दोर वळायची. हाडांची नुसती मोळी, पण हाताला उसंत नाही. प्रत्येक पिळाला ती एकच नाव घ्यायची, "दामोदर."

असं म्हणतात, तिचा दोर कधी तुटला नाही.

गुणाजी विहीर खणायला आला, तो तिची थट्टा करायचा. "आवडाय, दिवसभर दामोदर, दामोदर! अर्थ तरी ठाऊक आहे काय?"

"आहे तर. ज्याच्या पोटाला दावं बांधलं, तो दामोदर."

"बांधून घेणारा कसला गो देव?"

"अरे मेल्या, यशोदा त्याला उखळाला बांधायला गेली, तर दावं दोन बोटं कमी. दुसरं जोडलं, तरी दोन बोटं कमी. घरातली दावी संपली, माय घामाघूम झाली, तेव्हा तो आपणहून बांधला गेला. एक बोट तिच्या कष्टाचं, एक त्याच्या मायेचं. साऱ्या जगाला धरणारा आईपाशी अडकून राहिला, म्हणून तर तो देव!"

गुणाजी हसला आणि भिंतीतल्या खाचांवर पाय देत खाली उतरला.

त्याच दिवशी विहिरीची एक बाजू ढासळली. खाचा गेल्या. गुणाजी कमरेपर्यंत चिखलात रुतला, आणि वरून माती सुटतच होती. लोकांनी आवडाईचा दोर काठाजवळच्या फणसाला बांधून खाली सोडला. खालून आरोळी आली, "दोन बोटं कमी!"

दुसरा दोर आणायला वेळ नव्हता. आवडाईनं फणसाची गाठ सोडली, ते टोक स्वतःच्या पोटाला बांधलं आणि काठावर येऊन उभी राहिली. दोर हातभर खाली गेला. पण तोवर गुणाजीही हातभर रुतला होता.

"अजून दोन बोटं, आवडाय!"

"मग ताण की हात! आणि हाक मार त्याला!"

"दामोदरा!" गुणाजीनं खांदा निखळेल इतका हात ताणला. एक बोट भरलं. तेवढ्यात त्याच्या पायाखाली झरा फुटला, चिखल सैल झाला आणि पाण्यानं त्याला एक बोट वर उचललं.

दोराला अख्खा गडी लोंबकळला. लोक म्हातारीला धरायला धावले, पण तिचं पाऊल हललं नाही. असं म्हणतात, ती दगडी उखळाएवढी जड झाली होती. दोर धरून चढत वर येताच गुणाजीनं तिच्या पोटाची गाठ सोडली. दोराचा वळ मात्र तिच्या अंगावर अखेरपर्यंत राहिला.

त्या झऱ्याचं पाणी कातळवणं अजून पितं. विहिरीला नवा दोर आला की तो आधी रहाटाला लावत नाहीत. गावातलं कुणीतरी तो पोटाला बांधून काठावर उभं राहतं आणि आत वाकून विचारतं, "पुरला काय रे?"

सगळा गाव ओरडतो, "दोन बोटं कमी!"

आणि सगळे हात पुढे करतात.