गुरुजींचे ‘नको’

एकदा एका तालुक्याच्या गावी एक विक्रेता राहत असे. राहत असे म्हणणेही धाडसाचेच, कारण त्याचे निम्मे आयुष्य एसटीत आणि उरलेले लोकांच्या ओट्यांवर गेले. हायस्कूल संपले त्या उन्हाळ्यात त्याने उदबत्तीची पिशवी खांद्याला लावली. पुढे चहा विकला, मग कुकर विकले, आणि साठी गाठली तेव्हा चार जिल्ह्यांतले विक्रेते त्याच्या हाताखाली तयार झाले होते. निवृत्तीनिमित्त गावाने त्याचा सत्कार योजला. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता. त्याचे शाळेतले गुरुजी नव्वदीला टेकले होते, पण वाणी अजून छडीसारखी होती.

सत्काराच्या आदल्या दिवशी रीतसर आमंत्रण द्यायला तो सपत्नीक गेला खरा, पण मनात एक जुने कुसळ सलत होते. धंद्याच्या पहिल्याच दिवशी भवानी व्हावी म्हणून, म्हणजे पहिली विक्री शुभ हाताने व्हावी म्हणून, तो याच दारी आला होता. वर्गातला सर्वांत लाडका विद्यार्थी तो. गुरुजी घेणार याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. गुरुजींनी पिशवीकडे पाहिले, “नको” म्हटले आणि दार लावून घेतले. पोरगा घरी जाऊन ढसाढसा रडला. पुढे हजारो घरांत त्याचा माल गेला, या एका घरात कधी गेला नाही. “गुरुजींना मी कधी लायक वाटलोच नाही,” असे तो बायकोला अधूनमधून ऐकवी. त्यावर ती म्हणे, “अहो, मग विचारा की एकदा!”

त्या दिवशी त्याने विचारलेच. “गुरुजी, मला नको का म्हणालात?”

“सत्काराला येतो,” गुरुजी म्हणाले, “पण त्याआधी उद्या सकाळी तीच उदबत्ती घेऊन ये आणि मला विकून दाखव. मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सत्काराचा नवा कोरा झब्बा, त्यावर खांद्याला पिशवी, असा तो गुरुजींच्या दारी उभा राहिला. मागे बायको पदर तोंडाशी धरून हसू दाबत होती. त्याने पुडा काढला, सुगंधाचे वर्णन केले. हयातभराचे कसब पणाला लावले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “नको.”

बायकोचे हसू मावळले.  तो मात्र मोकळेपणाने हसला, पुडा पिशवीत ठेवला आणि पायरीवरच बसला.

“बरं, नको तर नको. पण गुडघ्याचं काय म्हणता? काल उठताना भिंत धरलीत. तेल कोण लावून देतं?”

गुडघ्यावरून गोष्ट सुनेवर गेली, सुनेवरून शाळेवर आली. आतून चहा आला. कप रिकामा झाल्यावर गुरुजी बोलू लागले.

“त्या दिवशी मी उदबत्तीला नको म्हटलं, आणि तू लावून घेतलंस ते स्वतःला. लाडापायी घेतली असती, तर तू मावशीकडे गेला असतास, मग मामाकडे. ओळखीची घरं संपली की धंदा संपला! नकार सोसायचाच आहे, तर पहिला प्रेमाच्या माणसाकडून मिळावा, असं मला वाटलं. दार लावलं खरं, पण त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही बाबा. आज मात्र माझं ‘नको’ ऐकून तू माझ्या गुडघ्यापाशी बसलास. हे कुठं शिकलास?”

त्याने बायकोकडे पाहिले. “घरी. मोठ्या लेकीनं मी आणलेलं स्थळ नाकारलं, धाकट्या पोरानं माझा धंदा नाकारला. मी महिनाभर अबोला धरला. तेव्हा ही म्हणाली, ‘पोरं स्थळाला नको म्हणतायत, धंद्याला नको म्हणतायत, बापाला नाही. त्यांच्यासोबत पानावर बसा.’ मी बसलो. तेव्हापासून बाहेरच्या नकाराचीही भीती गेली गुरुजी, आणि विक्री खरी तिथून वाढली. दोघंही आलीत आज. पहिल्या रांगेत बसणार आहेत.”

“म्हणजे आज शाल चुकीच्या खांद्यावर पडणार म्हण की!” गुरुजी म्हणाले, आणि बायको खळखळून हसली. “आण दोन पुडे इकडे.”

“भाव कमी होणार नाही हं गुरुजी.”

“मी कुठं मागितला?”

गुरुजींनी दिलेली नोट त्याने दोन्ही हातांनी कपाळाला लावली. हायस्कूल सुटल्यापासून अडलेली भवानी झाली होती. कुसळ कधी निघून गेले, हे त्याला कळलेही नाही.

निघताना त्याने पिशवी पुन्हा खांद्याला लावली आणि थेट शेजारच्या घराची कडी वाजवली.

“अहो, मंडपात लोक खोळंबलेत!” बायको ओरडली.

दार उघडले. एका तरुण बाईने पिशवी पाहिली आणि ती म्हणाली, “नको हो काका.”

“नको तर नको,” तो प्रसन्नपणे म्हणाला. “पण शाळेच्या मैदानावर सत्कार आहे, तिथं मात्र नक्की या.”

“कोणाचा सत्कार?”

“एका उदबत्तीवाल्याचा,” तो म्हणाला, “आणि त्याच्या बायकोचा.”