धुळाप्पाच्या गोठ्यात अमेरिका

पंचगंगेकाठच्या एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव मी सांगणार नाही, गावकऱ्यांनी तशी तंबीच दिलीय. गड्याचं नाव धुळाप्पा. वय चाळीस, अंगानं दांडगा, मनानं निर्मळ, आणि डोकं... डोकं होतं. टोपी घालायला उपयोगी पडायचं.

धुळाप्पाची एकच खोड. कुणी काही सांगितलं की ते शब्दाला शब्द धरायचं. ‘जरा थांब’ म्हटलं, की बाबा दिवस मावळेपर्यंत थांबायचा. बायको हौसा मात्र चलाख. घर चालायचं हौसाच्या जिवावर, आणि हौसा चालायची हरणीच्या जिवावर. हरणी म्हणजे म्हैस. काळीभोर, लांब शिंगांची, ह्यांच्याच गोठ्यात जन्मलेली. पायाशी तिची चार महिन्यांची रेडी. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं बांधायची, डोक्याला मोरपिसांचा तुरा लावायचा. हौसानं सालभर एकच ध्यास घेतला होता. औंदा हरणीला अशी मिरवायची, की गल्लीनं नुसतं बघत राहावं.

“हरणीला काय झालं, तर मी निघाले माहेरी,” ती नवऱ्याला सांगायची. “आन् न्यायला येऊ नगा.”

आता ह्यात अमेरिका कुठनं आली ते ऐका. गावातले मगदूम मास्तर रिटायर झाले आणि सहा महिने अमेरिकेत लेकीकडं राहून आले. लेकीला तिथली नागरिक व्हायचं होतं. त्याला तोंडी परीक्षा असते, तिथल्या राज्यघटनेची. मास्तरांनी रोज सकाळी तिची उजळणी घेतली. लेक पास झाली, आणि मास्तर घटनेनं गळ्यापर्यंत भरून गावाला परत आले. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना. पारावरची माणसं मास्तर दिसले की ‘वैरण आणायची राहिली’ म्हणून उठायची. एकटा धुळाप्पा बसायचा.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, “धुळाप्पा, अमेरिकेत सगळी सत्ता एकाच्या हातात देत नाहीत. तीन वाटे करतात. एकानं कायदा करायचा, दुसऱ्यानं राबवायचा, तिसऱ्यानं बरोबर की चूक ते सांगायचं. ज्याचं काम त्यानं करायचं.”

“ज्याचं काम त्यानं करायचं,” धुळाप्पा म्हणाला, आणि घरी गेला.

हौसानं चुलीवर दूध ठेवलं होतं. “अवो, मी हरणीला वैरण टाकून येते. तवर दुधाकडं बघा.”

धुळाप्पा बघत बसला. दूध चढलं, त्यानं बघितलं. काठाला आलं, तेही बघितलं. उतू जाऊन चूल विझली, तेव्हा तर त्यानं डोळ्याची पापणीसुद्धा लववली नाही.

हौसा आली. “अवो! उतरवायचं न्हाई व्हय?”

“ठेवणारी तू. बघणारा मी. उतरवणारा तिसरा. तो आलाच न्हाई.”

“तिसरा कोण?”

“त्ये मला काय ठावं? एक मांजर आलंतं. पर चाटून निघून गेलं.”

हौसा नवऱ्याला ओढत तशीच तरातरा मास्तरांच्या दारात. मास्तरांनी कपाळाला हात लावला. “अरे लेका, तीन वाटे केले तरी एकमेकांवर लगाम असतो! संसदेनं कायदा करून पाठवला आणि अध्यक्षाला पटला नाही, तर तो नकार देतो. कागद आल्या वाटेनं परत! चुकीचं दिसलं की अडवायचं, कळलं?”

“आल्या वाटेनं परत,” धुळाप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं जनावरांचे डॉक्टर आले. लाळ-खुरकताची लस टोचायची होती. गावातली सत्तर जनावरं खुंट्यांना रांगेनं बांधलेली. हरणीचा नंबर आला. डॉक्टरांनी सुई वर केली आणि हरणीनं एक पाऊल मागं घेतलं.

धुळाप्पानं हात वर केला. “नकार.”

“कसला नकार?”

“जनावराला पटल्यालं न्हाई. आल्या वाटेनं परत.”

“बाबा, तू बाजूला हो बघू.”

धुळाप्पा बाजूला झाला. रांगेच्या टोकाला गेला आणि एकेकाचं दावं सोडत आला. सत्तर जनावरं आल्या वाटेनं परत निघाली. वाट एका बैलगाडीपुरती. कडेला सरपंचांच्या खळ्यात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. जनावरं गेल्यावर तिथं नुसती टरफलं राहिली.

सरपंचांनी धुळाप्पाचं बखोट धरून त्याला मास्तरांपुढं उभं केलं. मास्तर कडाडले, “अरे, अध्यक्षाचा नकार म्हणजे काय देवाचा कौल आहे? संसदेची दोन सभागृहं असतात. दोन्हीकडं तिनातल्या दोघांनी हात वर केले, की नकार मोडला. मग अध्यक्षानं मुकाट मान तुकवायची.”

“तिनातल्या दोघांनी वर केलं, की मुकाट मान तुकवायची.”

तिसऱ्या दिवशी हौसानं दिवाळीचे बेसन लाडू वळून डबा भरला. “ह्यातला एक बी लाडू कुणाला द्यायचा न्हाई,” असं बजावून ती नदीला धुणं घेऊन गेली.

दारात गल्लीतली दोन कुत्री आली, खंड्या आणि मोत्या.

“नकार,” धुळाप्पा म्हणाला.

दोघांनी शेपट्या वर केल्या. धुळाप्पानं मोजलं. तो धरून तिघं, त्यातल्या दोघांनी वर केलं. हात नव्हते बिचाऱ्यांना, पण होतं ते वर केलं. तरी तो घाईला आला नाही, कारण सभागृहं दोन असतात. तो डबा घेऊन परसदारी गेला. कुत्री तिथंही आली. तिथंही वर केलं. धुळाप्पानं मान तुकवली आणि डबा पुढं सरकवला.

हौसा आली. “लाडू?”

“दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. खंड्यानं मांडलं, मोत्यानं पाठिंबा दिला.”

ह्या खेपेला हौसा एका हातात नवरा आणि दुसऱ्या हातात लाटणं घेऊनच मास्तरांकडं गेली. लाटणं नक्की कुणासाठी ते तिनं ठरवलं नव्हतं. मास्तर दोन पावलं मागं सरून धुळाप्पावर ओरडले, “कुत्र्यांना मत? मत नागरिकाला असतं! जो ज्या भूमीत जन्मला, तो तिथला नागरिक. नागरिकांनी मत द्यायचं आणि अध्यक्ष निवडायचा. उभं राहणाऱ्याचाही जन्म तिथलाच लागतो, वय पस्तीस पूर्ण लागतं. निवडून आला की चार वर्षं. फार तर दोनदा.”

“आन् जुना हरला, तर नव्याशी भांडतो?”

मास्तरांचा राग गेला. “नाही रे! रीत तशी नाही, हेच तर मोठेपण. नव्याला घरात बोलावतो, चहा पाजतो, त्याच्या शपथेला उभा राहतो, हात मिळवतो आणि राज्य सोडून देतो. काठी नाही, शिवी नाही.”

“चहा पाजायचा, भांडायचं न्हाई,” धुळाप्पा म्हणाला.

“मास्तर,” हौसा म्हणाली, “पाया पडते तुमच्या. आता ह्यांस्नी आणि काय शिकवू नगा.”

पाडव्याच्या आदल्या दिवशी हौसा कोल्हापूरला बाजाराला निघाली. शिंगांना रंग, तुरा, घुंगरं आणायची होती. निघताना तिनं नवऱ्याला गोठ्यात बसवलं. “मी येईस्तवर हितनं हलायचं न्हाई. काय बी झालं तरी.”

“काय बी झालं तरी,” धुळाप्पा म्हणाला, आणि खरंच हलला नाही.

दुपारी गावात सामसूम झाली आणि एक झुपकेदार मिशांचा माणूस हळूच गोठ्यात शिरला. खांद्याला पिशवी, नजर हरणीवर. कोपऱ्यात बसलेला हा दांडगा गडी त्याला दिसलाच नाही.

“काय काम काढलासा, पाव्हणं?”

माणूस टरकला. भीतीनं तोंडून खरंच निघून गेलं. “म्हस न्यायला आलोय.”

“अशी कशी न्याल? निवडणूक झाली पायजे.”

माणसानं दाराकडं बघितलं. धुळाप्पाकडं बघितलं. त्याच्या ध्यानात आलं, की आज कुणातरी भाग्यवंताचं तोंड बघून उठलोय. “मग घेऊ की,” तो म्हणाला.

“जन्म कुठला?”

“ह्याच गोठ्यातला.”

“आन् वय?”

“पस्तीस पुरी.”

“मग उभं राहायला हरकत न्हाई. आता मताचं ऐका. मला मत न्हाई. पयल्या बाळंतपणाला माझी आई तिच्या माहेरी गेली, म्हणून माझा जन्म निपाणीचा. हौसा तर सून म्हणून आल्याली. गोठ्यात जन्मलेली एक हरणी, आन् दुसरी रेडी. पर रेडी आईच्या शब्दाभाईर न्हाई.”

आधी धुळाप्पानं भाषण केलं. “हरणे, सात वर्सं मी तुला वैरण घातली. सात उन्हाळं तुला नदीत डुंबवली. इसरू नगंस.” हरणी रवंथ करत होती.

मग माणसानं पिशवीतनं ओंजळभर सरकी पेंड काढली. “माझं भाषण हे.”

हरणी तीन पावलं पुढं आली आणि तिनं त्याच्या ओंजळीत तोंड घातलं. रेडी आईच्या मागनं आली. एकमतानं निकाल लागला.

धुळाप्पानं डोक्यावरची टोपी काढली. सात वर्षांची माया, ती काय पेंडीएवढी? त्याला रडू यायला लागलं. एकदा वाटलं, द्यावा ह्या मिशाळाला एक ठेवून. पण हरलेल्यानं भांडायचं नसतं. त्यानं डोळे पुसले आणि गोठ्यातच तीन दगड मांडून चहा केला. दूध तिथंच काढलं, हरणीचं. माणसानं दोन कप घेतले.

“आता शपथ,” धुळाप्पा म्हणाला. “डावा हात गव्हाणीवर, उजवा वर. म्हणा, मी, अमुक तमुक, शपथ घेतो की...”

“मी, अमुक तमुक, शपथ घेतो की...”

“ह्या म्हशीचं जतन, संरक्षण आन् बचाव माझ्या कुवतीपरमाणं करीन.”

माणसानं सगळं म्हटलं. धुळाप्पानं हात मिळवला, दावं त्याच्या हातात दिलं आणि हरणी दिसेनाशी होईपर्यंत गोठ्याच्या दारातनं टोपी हलवत राहिला. वेशीपर्यंत पोचवायला जायचं फार मनात होतं त्याच्या. पण हलायचं नव्हतं.

दिवस कलायला हौसा आली. हातात पिशवी, पिशवीत घुंगरं वाजतायत. गोठा रिकामा.

“अवो, हरणी कुठाय?”

“राज्य बदललं.”

“आन् रेडी?”

“ती उपाध्यक्ष. अध्यक्षासंगं गेली.”

हौसानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून मास्तर धावत आले. धुळाप्पानं पहिल्यापासनं सगळं सांगितलं.

“अवो, पर त्याचं नाव तरी इचारलं का?” हौसा म्हणाली.

“शपथेत घेतलं की त्यानं. अमुक तमुक.”

मास्तरांनी घाम पुसला. “जन्म विचारलास?”

“इचारला.”

“वय?”

“पस्तीस पुरी.”

“आणि शपथ?”

“अख्खी घेतली.”

मास्तर गव्हाणीच्या कडेवर मटकन बसले. “लेकीच्या हे डोक्यात भरायला मला सहा महिने लागले,” ते म्हणाले.

हौसानं पिशवी टाकली आणि भिंतीला पाठ टेकून ऊर बडवायला लागली. सालभराचा ध्यास, दाराची लक्ष्मी, उद्याचा पाडवा, सगळं गेलं. “मी निघाले माहेरी,” ती रडत म्हणाली. “न्यायला येऊ नगा.”

धुळाप्पाला तिचं रडणं बघवेना. तो जवळ बसला, धोतराच्या सोग्यानं तिचे डोळे पुसले आणि मायेनं म्हणाला, “रडू नगंस, हौसा. चारच वर्सांची तर मुदत हाय. आन् परत निवडून आला तरी तिसऱ्यांदा त्याला उभंच राहता येत न्हाई. आठ वर्सं झाली की तो आपणहून आपल्याला घरी बोलावतोय, चहा पाजतोय, आन् दावं हातात देतोय का न्हाई बघ. तवर ती घुंगरं तेवढी पुसून ठेव.”