पाच कोनशिलांचा पूल

“या ओढ्यावर पूल झालाच पाहिजे!” आमदार रंगराव हुलवळे गरजले, आणि भोकरदऱ्याच्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पाचवी निवडणूक, त्याच पुलाचं पाचवं भूमिपूजन. नारळ तयार होता, पडद्याआड काळीभोर कोनशिला तयार होती. पूल तेवढा राहिला होता.

टाळ्या थांबल्या तशी दुधाची किटली सावरत गिरजा उभी राहिली.

“साहेब, डेअरी पल्याड हाय. पावसाळ्याचे तीन म्हैने आमचं दूध घरातच नासतंय. पूल व्हनार कधी?”

भाषणात कुणी मध्ये बोललं की रंगरावांचा पारा चढे.

“मागायला काय जातंय, पोरी! मला आत्ता पलीकडे नेऊन दाखव. पाय भिजता कामा नये. गाडी नाही, होडी नाही, कुणाची पाठ नाही. जमलं तर याच अधिवेशनात पूल मंजूर करून आणतो. नाही जमलं, तर गावानं पुन्हा पुलाचं नाव काढायचं नाही!”

गिरजा म्हणाली, “साहेब, तवर च्या घ्या.”

मग तिने हाका मारल्या. “धोंडूतात्या, न्हाणीतला दगड काढा! काकू, धुण्याचा द्या! म्हादूअण्णा, ओट्याची पायरी! आन् पारावर पत्ते कुटता तो बी आणा!”

चहा संपेपर्यंत ओढ्यातल्या धोंड्यांवर चार काळ्या फरश्या ओळीने बसल्या. रंगरावांनी पहिल्या फरशीवर पाय ठेवला आणि खाली पाहिलं. ‘श्री. रंगराव हुलवळे यांच्या शुभहस्ते.’ तेव्हा ते मोटारसायकलवरून आले होते. दुसरीवर ‘मा. आमदार’. तिसरीवर ‘कार्यसम्राट’, पक्षही वेगळा. चौथीवर ‘लोकनेते नामदार’पासून इतकं काही होतं, की पुलाचा उल्लेख करायला जागाच उरली नव्हती.

“अक्षरं वर का ठेवलीत गं?”

“पाय घसरत न्हाई, साहेब.”

काठ अजून दोन ढांगा लांब होता. रंगराव चौथ्या फरशीवरच अडकले. त्यांच्या ओठांवर हसू आलं. “हरलीस, पोरी! एक दगड कमी पडला!”

“कमी कसा पडंल? तुम्ही आणलाय की!”

पडदा बाजूला झाला. पाचवी कोनशिला चौघांनी उचलून पुढे टाकली. रंगराव कोरड्या पायांनी पलीकडे उतरले, बुटांकडे पाहिलं, आणि पोट धरून हसायला लागले. वीस वर्षांत ते गावात एवढं खरं हसले नव्हते.

“जिंकलीस! पूल मंजूर समज. त्याच्या कोनशिलेवर तुझंच नाव घालतो!”

“दगड नको, साहेब!” गिरजा हात जोडून म्हणाली. “दगड आला की पूल ऱ्हाऊन जातो!”

पुढच्या पावसाळ्याआधी पूल झाला, कोनशिलेवाचून. पहिली किटली गिरजाचीच पलीकडे गेली. चार दगड आपापल्या जागी परतले. पाचवा रंगरावांनी तिला बक्षीस दिला. त्यावर ती किटल्या ठेवते.